सेंट डन्स्टन्स

सेंट डन्स्टन्स ही युद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिक व खलाशांच्या पुनर्वसनासाठी १९१५ मध्ये लंडन येथे स्थापन झालेली ब्रिटिश संस्था आहे. वृत्तपत्र व्यावसायिक सर आर्थर पिअर्सन हे तिचे संस्थापक होत. २०१२ पासून ती ‘ब्लाइंड व्हेटरन्स यूके’ या नावाने ओळखली जाते. लढाईत डोळ्यांना इजा झालेल्या सैनिकाला केवळ आश्रय न देता रुग्णालय, प्रशिक्षण, उपजीविका आणि पश्चात्सेवा अशी सलग व्यवस्था उभारणाऱ्या आरंभीच्या संस्थांमध्ये तिची गणना होते. तिची पद्धत पुढे कॅनडा, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका आणि भारत या देशांत पोहोचली. देहरादून येथील राष्ट्रीय दृष्टिबाधित संस्थेचे मूळ दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तेथे सुरू झालेल्या सेंट डन्स्टन्सच्या वसतिगृहात आहे.

पार्श्वभूमी

पहिल्या महायुद्धातील खंदकांच्या लढाईत सैनिकाचे बाकीचे शरीर मातीआड सुरक्षित राही, परंतु टेहळणीसाठी आणि नेम धरण्यासाठी डोके वर काढावेच लागे. तोफगोळ्यांचे बारीक तुकडे, उडालेली माती व खडे, हातबाँबचे स्फोट आणि बंदुकीच्या गोळ्या यांमुळे चेहऱ्याच्या व डोळ्यांच्या जखमांचे प्रमाण वाढले. एका डोळ्याला भेदक जखम झाल्यास काही काळाने दुसऱ्या, निरोगी डोळ्यालाही दाह होऊन दृष्टी जाण्याचा धोका असतो. त्यामुळे निकामी झालेला डोळा वेळेत काढून टाकण्याचा निर्णय आघाडीजवळच्या शल्यचिकित्सकांना अनेकदा घ्यावा लागे.

जुलै १९१७ मध्ये जर्मन सैन्याने मस्टर्ड वायूचा वापर सुरू केल्यावर डोळ्यांच्या दुखापतींचा एक नवाच प्रकार समोर आला. जॉन सिंगर सार्जंट याच्या ‘गॅस्ड’ या १९१९ मधील प्रसिद्ध चित्रात डोळ्यांवर पट्ट्या बांधलेले सैनिक एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून रांगेने चाललेले दिसतात. त्यामुळे वायूने हजारो सैनिक कायमचे अंध झाले असा समज रूढ झाला. प्रत्यक्षात त्यांपैकी बहुसंख्य सैनिकांची दृष्टी काही दिवसांत किंवा आठवड्यांत परत येत असे. खरे संकट उशिरा उद्भवले. काहींच्या स्वच्छमंडलावर, म्हणजे बुबुळापुढच्या पारदर्शक पडद्यावर, दहा ते वीस वर्षांनी व्रण उठू लागले आणि युद्ध संपून बराच काळ लोटल्यावर त्यांची दृष्टी मंदावली. नेत्रतज्ज्ञ आयडा मान यांनी अशा रुग्णांवर स्पर्शभिंगांच्या साहाय्याने उपचार केले.

युद्धापूर्वीच्या इंग्लंडमध्ये अंध व्यक्तीपुढे साधारणतः तीनच वाटा होत्या: कुटुंबाचा आधार, धर्मादाय कार्यशाळा किंवा रस्त्यावरची याचना. अंधत्व आलेला सैनिक सेवामुक्त होऊन थेट घरी गेला की त्याचीही गत तीच होण्याची शक्यता होती. जन्मांध मुलांसाठी शाळा होत्या, परंतु वयाच्या वीस-पंचवीस वर्षांपर्यंत डोळस राहिलेल्या आणि एका क्षणात दृष्टी गमावलेल्या तरुणाला काय शिकवावे, कोणी शिकवावे व किती दिवसांत शिकवावे याचा अनुभव फारसा कोणाला नव्हता.

स्थापना

आर्थर पिअर्सन (१८६६–१९२१) यांनी १९०० मध्ये ‘डेली एक्स्प्रेस’ हे वृत्तपत्र सुरू केले. काचबिंदूमुळे त्यांची दृष्टी हळूहळू गेली. १९०८ मधील शस्त्रक्रियेचा उपयोग झाला नाही आणि पुढील काही वर्षांत ते पूर्ण अंध झाले. वृत्तपत्र व्यवसायातून बाहेर पडून ते अंधांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेच्या कामात आले. निधी उभारण्याचे व लोकमत घडविण्याचे त्यांचे कसब तेथे उपयोगी पडले. युद्ध सुरू झाल्यावर रुग्णालयातील अंध सैनिकांना ते स्वतः भेटू लागले. जो मनुष्य त्यांना धीर देत होता तोही अंधच होता, ही गोष्ट त्या भेटींत निर्णायक ठरत असे.

१९१५ च्या आरंभी पिअर्सन यांच्या अध्यक्षतेखाली अंध सैनिक व खलाशांसाठी एक समिती नेमण्यात आली आणि बेजवॉटर भागातील एका घरात काम सुरू झाले. ते घर लगेच अपुरे पडू लागले. मार्च १९१५ मध्ये अमेरिकी बँकर ओटो कान यांनी रीजंट्स पार्कमधील आपले ‘सेंट डन्स्टन्स’ हे विस्तीर्ण आवाराचे घर संस्थेला वापरण्यास दिले. संस्थेचे नाव या घरावरून पडले. घराचे नाव मात्र एका घड्याळावरून आले होते. फ्लीट स्ट्रीटवरील सेंट डन्स्टन चर्चच्या जुन्या इमारतीचे घड्याळ एकोणिसाव्या शतकात मार्क्विस ऑफ हर्टफर्ड यांनी विकत घेऊन या घरी बसविले होते. १९३५ मध्ये ते चर्चला परत मिळाले. मूळ घर आज उरलेले नाही. त्या जागी अमेरिकी राजदूताचे निवासस्थान असलेले विनफील्ड हाऊस उभे आहे.

पुनर्वसनाची रचना

संस्थेचे काम रुग्णालयातच सुरू होई. डोळ्यांना गंभीर इजा झालेले सैनिक शक्यतो लंडनच्या चेल्सी भागातील सेकंड लंडन जनरल हॉस्पिटलमध्ये एकत्र आणले जात. विखुरलेल्या रुग्णालयांत एकेकटा पडलेला अंध सैनिक कोणाच्या लक्षातही येत नसे. एका ठिकाणी आणल्यामुळे तज्ज्ञ उपचार मिळत, शिवाय जखम बरी होण्याची वाट न पाहता खाटेवरच ब्रेलची ओळख करून देता येई. दृष्टी परत येणार नाही हे रुग्णाला केव्हा व कोणी सांगावे, हा त्या वॉर्डातील सर्वांत अवघड प्रश्न होता. खोट्या आशेवर ठेवलेला माणूस शिकण्यास तयार होत नाही, असे पिअर्सन यांचे मत होते. संस्थेचे नेत्रशल्यचिकित्सक सर अर्नोल्ड लॉसन यांनी या रुग्णांच्या दुखापतींचा वैद्यकीय अभ्यास १९२२ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला.

रुग्णालयातून सैनिक रीजंट्स पार्कला येई. आल्यावर त्याला हातांनी चाचपून वेळ कळेल असे घड्याळ देण्यात येई. ही भेट दिसण्यास लहान असली तरी तिच्यामागे विचार होता. अंधत्व आल्यावर माणूस सर्वप्रथम ज्या गोष्टींसाठी दुसऱ्यावर अवलंबून राहतो त्यांत वेळ विचारणे ही एक आहे आणि ती परावलंबिता पहिल्याच दिवशी संपत असे. इमारतीत जाण्यायेण्याच्या मार्गांवर गालिच्याच्या पट्ट्या अंथरलेल्या असत. पाय पट्टीवर आहे तोवर वाट मोकळी आहे असे समजावे, म्हणून सामान पट्टीवर ठेवण्यास मनाई होती. आवारातील पायवाटांना कठडे होते. अशा रीतीने कोणाचा हात न धरता फिरण्याचा सराव होई.

शिक्षणाचे दोन भाग होते. ब्रेल वाचन आणि टंकलेखन बहुतेक सर्वांना शिकविले जाई. ब्रेलमुळे वाचता येई आणि साध्या टंकलेखन यंत्रामुळे डोळस नातेवाइकांना स्वतः पत्र लिहिता येई. प्रशिक्षण संपवून जाताना प्रत्येकाला टंकलेखन यंत्र देण्यात येत असे. खंदकात काम केलेल्या, राठ झालेल्या बोटांना ब्रेलचे ठिपके ओळखणे सोपे नव्हते आणि अनेकांनी ते कधीच सफाईने आत्मसात केले नाही. दुसरा भाग व्यवसायाचा होता. त्यात टोपल्या विणणे, चटया तयार करणे, जोड्यांची दुरुस्ती, सुतारकाम, कुक्कुटपालन, दूरध्वनी चालविणे, ब्रेल लघुलेखन आणि मसाज चिकित्सा यांचा समावेश होता.

व्यवसाय ठरविताना सैनिकाचे पूर्वीचे काम, शिक्षण, गाव आणि इतर जखमा विचारात घेतल्या जात. मसाज चिकित्सेचा अभ्यासक्रम सर्वांत कठीण होता. त्यात शरीररचनाशास्त्र शिकावे लागे आणि डोळस विद्यार्थ्यांसाठी असलेलीच व्यावसायिक परीक्षा द्यावी लागे. ती उत्तीर्ण झालेले अंध सैनिक लष्करी रुग्णालयांत जखमी सहकाऱ्यांवर उपचार करू लागले. संस्थेच्या सर्व व्यवसायांत समाजातील प्रतिष्ठा सर्वांत अधिक बदलून टाकणारा व्यवसाय हाच ठरला आणि अंध भौतिकोपचारतज्ज्ञांची परंपरा त्यातून ब्रिटनमध्ये दृढ झाली. याउलट टोपल्या व चटया विणणारे यंत्रनिर्मित मालाच्या स्पर्धेत सदैव मागे पडत आणि संस्थेच्या विक्री विभागाच्या आधारावरच टिकून राहत.

कुक्कुटपालनाचा पर्याय ग्रामीण भागातील सैनिकांना दिला जाई. हे काम एकट्याने होणारे नसल्याने पत्नीला किंवा बहिणीलाही प्रशिक्षण दिले जात असे. पुनर्वसन हा कुटुंबाचा विषय आहे ही जाणीव संस्थेच्या व्यवहारात येथे स्पष्ट दिसते. मात्र या स्त्रियांच्या श्रमाची नोंद तत्कालीन अहवालांत फार थोडी आढळते.

कामाचे तास मुद्दाम थोडे ठेवले होते, कारण ऐकण्या-चाचपण्यावर सतत लक्ष एकवटणे नव्याने अंध झालेल्या माणसाला फार थकविणारे असते. उरलेल्या वेळात रीजंट्स पार्कच्या तलावात नौका वल्हविणे, रस्सीखेच, चालण्याच्या शर्यती, संगीत आणि नृत्य असे कार्यक्रम असत. प्रशिक्षण देणाऱ्यांत अंध शिक्षकही होते. स्वयंसेवी स्त्रियांची मोठी संख्या ब्रेल शिकविण्याचे आणि सोबत करण्याचे काम करी. १९१६ पासून ‘सेंट डन्स्टन्स रिव्ह्यू’ हे मासिक निघू लागले आणि गावोगावी गेलेल्या माजी प्रशिक्षणार्थींना एकमेकांची खबर त्यातून मिळत राहिली.

पश्चात्सेवा

संस्थेच्या पद्धतीत सर्वांत टिकाऊ ठरलेला भाग प्रशिक्षणानंतरचा होता. कारागिराला कच्चा माल माफक दरात पुरविणे, तयार माल विकत घेऊन बाजारात नेणे, घर किंवा दुकान मिळवून देणे आणि निरीक्षक पाठवून कामाचा दर्जा तपासणे ही जबाबदारी पश्चात्सेवा विभागाकडे होती. हा संबंध आयुष्यभराचा मानला गेला. शिकलेले कौशल्य एकाकीपणात लवकर गंजते हे संस्थेच्या लवकरच ध्यानी आले होते.

शासकीय निवृत्तिवेतनाच्या धोरणाचाही येथे मोठा वाटा आहे. १९१७ च्या राजाज्ञेने ब्रिटनमधील युद्धनिवृत्तिवेतनाचा आधार बदलला. माणसाची कमाई किती घटली हे न पाहता त्याच्या शरीराची हानी किती झाली यावर रक्कम ठरू लागली. पूर्ण अंधत्व ही शंभर टक्के अपंगता गणली गेली आणि साध्या सैनिकाला आठवड्याला २७ शिलिंग ६ पेन्स मिळू लागले. महत्त्वाची गोष्ट अशी की, काम करून पैसे मिळविल्यास ही रक्कम कापली जात नसे. तशी कपात झाली असती तर शिकून कमावणारा आणि घरी बसणारा यांच्या प्राप्तीत फरकच उरला नसता आणि प्रशिक्षणाचा पायाच ढासळला असता.

इयान फ्रेझर यांचा काळ

९ डिसेंबर १९२१ रोजी पिअर्सन यांचे घरातील स्नानगृहात पाय घसरून अपघाती निधन झाले. त्यांच्यानंतर संस्थेचे अध्यक्षपद इयान फ्रेझर यांच्याकडे आले. फ्रेझर यांची दृष्टी १९१६ मध्ये सॉमच्या लढाईत, वयाच्या अठराव्या वर्षी गेली होती. ते संस्थेचे प्रशिक्षणार्थी आणि नंतर पश्चात्सेवा विभागाचे प्रमुख होते. चोविसाव्या वर्षी स्वीकारलेले अध्यक्षपद त्यांनी १९७४ पर्यंत, म्हणजे अर्धशतकाहून अधिक काळ सांभाळले. ते संसद सदस्य व बीबीसीचे गव्हर्नरही होते. १९५८ मध्ये त्यांना लॉर्ड फ्रेझर ऑफ लॉन्सडेल हा किताब मिळाला.

ब्रेल न जमलेल्या सैनिकांची मोठी संख्या हा फ्रेझर यांच्या चिंतेचा विषय होता. ध्वनिमुद्रिकेवर पुस्तक उतरविण्याच्या प्रयोगांना त्यांनी चालना दिली. नेहमीच्या तबकडीवर जेमतेम काही मिनिटांचा मजकूर मावत असे. संथ गतीने फिरणारी तबकडी तयार करून एका बाजूला सुमारे २५ मिनिटांचे वाचन बसविण्यात यश आले आणि १९३५ मध्ये अंधांच्या राष्ट्रीय संस्थेच्या सहकार्याने ब्रिटनमधील बोलक्या पुस्तकांचे ग्रंथालय सुरू झाले. अगाथा क्रिस्टी यांची ‘द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड’ आणि जोसेफ कॉनरॅड यांची ‘टायफून’ ही आरंभीच्या पुस्तकांत होती. सैनिकांसाठी शोधलेले हे साधन लवकरच सर्व अंध वाचकांचे झाले.

दुसरे महायुद्ध

१९३८ मध्ये ब्रायटनजवळील ओव्हिंगडीन येथे संस्थेची नवी इमारत उघडली होती. परंतु दक्षिण किनाऱ्याला आक्रमणाचा धोका निर्माण झाल्याने १९४० मध्ये प्रशिक्षण श्रॉपशरमधील चर्च स्ट्रेटन या आडवळणाच्या गावी हलविण्यात आले. या वेळी सुरुंग व बाँब निकामी करताना जखमी झालेल्यांची संख्या लक्षणीय होती. त्यांपैकी काहींनी डोळ्यांबरोबर दोन्ही हातही गमावले होते. ज्याची वाचण्याची बोटेच गेली त्याला ब्रेल शिकविता येत नाही. अशा सैनिकांसाठी बोलकी पुस्तके आणि खास बनविलेली उपकरणे हाच मार्ग उरला.

जर्मनीतील युद्धकैद्यांच्या रुग्णालयातही असे काम झाले. स्वतः युद्धकैदी असलेले लॉर्ड नॉर्मनबी यांनी तेथील अंध कैद्यांसाठी ब्रेलचे वर्ग सुरू केले. १९४३ मध्ये कैद्यांच्या अदलाबदलीत त्यांची सुटका झाली.

भारतातील कार्य

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश भारतीय सेनेने उत्तर आफ्रिका, इटली आणि ब्रह्मदेश येथे मोठी लढाई केली. अपंग सैनिकांना व्यवसाय शिकविण्याची भारतातील परंपरा पहिल्या महायुद्धापर्यंत मागे जाते. १९१७ मध्ये मुंबईत स्थापन झालेली आणि पुढे पुण्याजवळ खडकी येथे गेलेली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट ही त्यातील ठळक संस्था होय. मुंबईत दादर येथे १९०० पासून अंधांची शाळाही होती. मात्र युद्धात अंध झालेल्या प्रौढ सैनिकांसाठी स्वतंत्र सोय नव्हती.

ती सर क्लुथा मॅकेन्झी यांच्या पुढाकाराने झाली. मॅकेन्झी हे न्यूझीलंडचे होते. १९१५ मध्ये गॅलिपोलीच्या मोहिमेत चुनुक बैर येथे त्यांची दृष्टी गेली आणि सेंट डन्स्टन्समध्येच त्यांचे प्रशिक्षण झाले. १९४३ मध्ये देहरादून येथे भारतीय सैनिकांसाठी सेंट डन्स्टन्सचे वसतिगृह उघडण्यात आले. त्याच सुमारास भारत सरकारने अंधत्वाच्या प्रश्नाचा अभ्यास करण्यासाठी नेमलेल्या समितीचे कामही मॅकेन्झी यांनी पाहिले. तिचा अहवाल १९४४ मध्ये प्रसिद्ध झाला.

लंडनची पद्धत येथे जशीच्या तशी लागू पडणे शक्य नव्हते. सैनिक निरनिराळ्या भाषांचे होते, अनेक जण निरक्षर शेतकरी कुटुंबांतून आलेले होते आणि भारतीय भाषांसाठी एकच ब्रेल लिपी अस्तित्वात नव्हती. वेगवेगळ्या मिशनरी शाळांनी व प्रांतांनी आपापल्या पद्धती रचल्या होत्या. एका लिपीतील पुस्तक दुसऱ्या शाळेतल्या विद्यार्थ्याला वाचता येत नसे. स्वातंत्र्यानंतर भारत सरकारने युनेस्कोकडे हा प्रश्न नेला आणि आंतरराष्ट्रीय चर्चेनंतर १९५१ मध्ये भारती ब्रेल निश्चित झाले. या चर्चेतही मॅकेन्झी यांचा प्रमुख सहभाग होता. भारती ब्रेलमध्ये समान उच्चाराच्या अक्षराला सर्व भारतीय भाषांत समान चिन्ह आहे. मराठी ब्रेल याच पद्धतीने लिहिले जाते आणि त्यात ‘ळ’साठीही स्वतंत्र चिन्ह आहे.

१९५० मध्ये भारत सरकारने देहरादूनचे वसतिगृह ताब्यात घेऊन तेथे प्रौढ अंधांचे प्रशिक्षण केंद्र सुरू केले. लष्करी गरजेतून उभी राहिलेली व्यवस्था अशा रीतीने नागरिकांसाठी खुली झाली. १९५१ मध्ये तेथे मध्यवर्ती ब्रेल मुद्रणालय आणि १९५९ मध्ये आदर्श शाळा निघाली. १९६७ मध्ये या सर्वांचे मिळून राष्ट्रीय अंध केंद्र झाले आणि १९७९ मध्ये त्याला राष्ट्रीय दृष्टिबाधित संस्थेचा दर्जा मिळाला. महाराष्ट्रासह देशभरातील अंध विद्यार्थ्यांच्या हाती पडणाऱ्या ब्रेल पाठ्यपुस्तकांच्या इतिहासात या मुद्रणालयाचे स्थान महत्त्वाचे आहे.

इतर देशांतील प्रयत्न

जर्मनीत नेत्रतज्ज्ञ पाउल झिलेक्स आणि स्वतः अंध असलेल्या शिक्षिका बेटी हिर्श यांनी युद्धाच्या आरंभीच बर्लिन येथे अंध सैनिकांची शाळा सुरू केली. १९१६ मध्ये गेरहार्ड श्टालिंग यांनी ओल्डेनबुर्ग येथे अंध सैनिकांसाठी मार्गदर्शक कुत्र्यांची पहिली शाळा काढली. फ्रान्समध्ये १९३१ साली गिली द’एर्बमाँ यांनी पांढऱ्या काठीचा प्रसार केला, तेव्हा काठ्या मिळालेल्यांत महायुद्धातील अंध सैनिकांचा समावेश होता. कॅनडाची राष्ट्रीय अंध संस्था १९१८ मध्ये स्थापन झाली. तिचे एक संस्थापक एडविन बेकर हे सेंट डन्स्टन्समध्ये शिकलेले होते.

अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मोठी भर पडली ती स्वतंत्र चालण्याच्या तंत्रात. पेनसिल्व्हेनियातील व्हॅली फोर्ज लष्करी रुग्णालयात रिचर्ड हूवर यांनी लांब काठी पावलांच्या लयीत डावीकडे-उजवीकडे फिरवीत पुढील वाट तपासण्याची पद्धत विकसित केली. तीच आज जगभर शिकविली जाते. पिअर्सन यांच्या काळातील गालिच्याच्या पट्ट्या आवाराच्या आतच उपयोगी होत्या, तर हूवर यांच्या काठीने अनोळखी रस्ताही खुला केला. १९४८ मध्ये इलिनॉय राज्यातील हाइन्स येथे माजी सैनिकांसाठी अंध पुनर्वसन केंद्र सुरू झाले. त्याचे पहिले प्रमुख रसेल विल्यम्स यांनी स्वतः युद्धात दृष्टी गमावली होती.

टीका आणि मूल्यमापन

सेंट डन्स्टन्सच्या प्रसिद्धीत हसतमुख, उद्योगी सैनिकाचे चित्र सतत पुढे ठेवले जाई. देणग्यांसाठी ते आवश्यक होते आणि ‘बिचारा’ या दृष्टीला ते उत्तरही होते. परंतु नैराश्य, डोकेदुखी, जखमांच्या वेदना आणि मोडलेले विवाह यांना त्या चित्रात जागा नव्हती. आनंदी राहणे हेही जणू प्रशिक्षणार्थीचे कर्तव्य होऊन बसले होते.

अधिक मूलभूत आक्षेप नागरी अंधांकडून आला. खाणीत किंवा कारखान्यात डोळे गमावलेल्या कामगाराला सैनिकासारखे निवृत्तिवेतन नव्हते आणि तशी प्रशिक्षणाची सोयही नव्हती. नॅशनल लीग ऑफ द ब्लाइंड या अंध कामगारांच्या संघटनेने एप्रिल १९२० मध्ये न्यूपोर्ट, मँचेस्टर आणि लीड्स येथून लंडनपर्यंत पायी मोर्चा काढला. दया नको, न्याय हवा, ही मोर्चाची मागणी होती. सुमारे अडीचशे अंध मोर्चेकरी तीन आठवडे चालून ट्राफल्गर चौकात पोहोचले. त्याच वर्षी संमत झालेल्या अंध व्यक्ती कायद्याने अंधांसाठी निवृत्तिवेतनाचे वय ७० वरून ५० वर आणले आणि अंधांच्या कल्याणाची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली. अंध सैनिकांना मिळालेल्या सहानुभूतीने या कायद्यास अनुकूल वातावरण तयार केले असले, तरी दोन्ही गटांतील तफावत त्याने मिटली नाही.

एक डोळा गेलेले किंवा अंशतः दृष्टी उरलेले सैनिक पूर्ण अंधांपेक्षा संख्येने कितीतरी अधिक होते. ते संस्थेच्या कक्षेबाहेर राहिले. खोलीचा अंदाज चुकणे, कृत्रिम डोळा बसविणे, उरलेल्या डोळ्याची धास्ती आणि पूर्वीचे काम गमावणे या त्यांच्या अडचणींकडे पुनर्वसन व्यवस्थेचे लक्ष बऱ्याच उशिरा गेले.

स्मारक

मँचेस्टरमधील पिकाडिली रेल्वे स्थानकाबाहेर ऑक्टोबर २०१८ मध्ये ‘व्हिक्टरी ओव्हर ब्लाइंडनेस’ हे शिल्प उभारण्यात आले. शिल्पकार योहाना डोम्के-गयो यांच्या या शिल्पात सात अंध सैनिक एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून आघाडीवरून परतताना दाखविले आहेत. शिल्प चौथऱ्यावर न ठेवता वाटसरूंच्याच पातळीवर ठेवले आहे. त्याचे शीर्षक पिअर्सन यांनी १९१९ मध्ये लिहिलेल्या पुस्तकाच्या नावावरून घेतले आहे.